जुन्या नाशकात ट्रेझर हंट: कोडं जागेवरच सुटलं पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या कंपनीतली 24 जणांची टीम, त्यातले निम्मे बाहेरगावचे. एका रविवारी अर्ध्या दिवसात जुनं नाशिक आणि पंचवटी ट्रेझर हंटच्या रूपाने फिरायची आहे. तयारीला तीन आठवडे आहेत. कुठली ठिकाणं घ्यावीत, कोडी कशी करावीत, आणि सगळं दोन-तीन तासांत बसेल का?

ठिकाणांची यादी ही तुमची खरी अडचण नाही. ती कुणीही दहा मिनिटांत देईल. अडचण अशी की अशा खेळात लोक ठिकाणी पोचतात, पाटीसोबत सेल्फी काढतात आणि पुढच्या पाकिटाकडे पळतात. दिवसाच्या शेवटी त्यांना सहा देवळांची नावं आठवतात, पण गाव कसं बसलंय ते कळलेलं नसतं. म्हणून आखणीचा पहिला नियम: कोडं मोबाईलवर सुटता कामा नये. ते तिथे उभं राहून, बघून, मोजून किंवा तिथल्या माणसाला विचारूनच सुटलं पाहिजे. ‘हे मंदिर कुणी बांधलं?’ हा प्रश्न वाया गेला म्हणून समजा. ‘या दारातून उतरताना पुराच्या खुणा कुठे दिसतात?’ हा चालेल.

दुसरा नियम: सगळं नाशिक एका खेळात कोंबू नका. पांडवलेणी सुंदर आहेत, पण शहरापासून आठेक किलोमीटर लांब. ती वेगळ्या दिवशी. चालत करायच्या खेळासाठी एकच धागा धरा. नाशकात तीन धागे चांगले लागू पडतात. पहिला पाण्याचा, म्हणजे गोदावरी आणि तिचे पूर. दुसरा पेठांचा: तांबट लेन, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन, बोहोरपट्टी ही नावंच कोण कुठे काय करत होतं ते सांगतात. तिसरा चळवळींचा: तिळभांडेश्वर लेनमधलं अभिनव भारत मंदिर, जिथे 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद थिएटर, आणि 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह. तुमची टीम मिश्र आहे, बाहेरगावचे बरेच आहेत. अशा टीमला मी पाण्याचा धागा सुचवेन. तो समजायला इतिहास माहीत असावा लागत नाही, आणि त्याची उत्तरं अजून लोकांच्या तोंडी आहेत.

नाशिककर पूर मीटरमध्ये मोजत नाहीत, खुणांनी मोजतात. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. मग नारोशंकराच्या देवळाची घंटा. मग सराफ बाजारात पाणी शिरलं, सरकारवाड्याच्या पायऱ्यांना लागलं. 1969, 2008 आणि 2016 चे पूर ज्यांनी पाहिले ते आजही असंच सांगतात. तुमचा खेळ या शिडीवर उभा करा. प्रत्येक थांब्यावर टोळीने नेहमीच्या कोड्याबरोबर एक ‘पाण्याचं वाक्य’ गोळा करायचं: इथे पाणी येतं का, कुठपर्यंत, कधी आलं होतं. शेवटी सगळे थांबे खालून वर, म्हणजे आधी बुडणारे ते कधीच न बुडणारे, अशा क्रमाने लावायचे. हा क्रम कुठल्या ॲपवर मिळत नाही. तो लावताना माणसाला गावाचा चढ-उतार पायांनी आठवावा लागतो.

उत्तरपत्रिका मात्र तुम्ही आधी स्वतः तयार करा. काठावरच्या दोन आणि सराफ बाजारातल्या दोन अशा चार जुन्या माणसांना वेगवेगळं विचारा. ती चार उत्तरं तंतोतंत जुळणार नाहीत. कुणी 1969 चं सांगेल, कुणी 2008 चं. म्हणून अर्धे गुण क्रमाला आणि अर्धे गुण ‘कुणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं’ याला ठेवा. नाहीतर शेवटी उत्तरावरून वाद होतो आणि सकाळभराची मजा त्यात जाते.

आता टोळ्या. 24 जणांच्या चार-चारच्या सहा टोळ्या करा. चौघांत एक कागद सांभाळतो, एक वाट बघतो, एक लोकांशी बोलतो, एक नुसता डोळे उघडे ठेवून चालतो. पाचवा आला की तो हमखास मागे राहतो आणि फोन काढतो. तिघांत एकाला दम लागला की टोळी मोडते. प्रत्येक टोळीत किमान एक नाशिककर आणि किमान एक मराठी नीट बोलणारा हवा. नाशिककराचा उपयोग उत्तरांसाठी फारसा होत नाही, भाषेसाठी होतो. इथले लोक गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. ‘गंगेवर जा’ म्हटलं की बाहेरचा माणूस चक्रावतो.

दिशांचाही असाच घोळ होतो. गोदावरी पूर्वेकडे वाहते हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं, पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळते. त्यामुळे कोड्यात ‘नदीच्या उत्तरेला’ असं लिहिलंत तर निम्म्या टोळ्या भलतीकडे जातील. ‘पंचवटीच्या बाजूला’ आणि ‘गावाच्या बाजूला’ असंच लिहा. इथे सगळे तसंच बोलतात.

थांबे सहा ठेवा, वळसा एक ठेवा. सगळ्यांना एकाच थांब्यापासून सोडलंत तर पहिली टोळी उत्तर शोधते आणि बाकीच्या पाच तिच्या मागे चालतात. म्हणून थांबे गोलात मांडायचे आणि प्रत्येक टोळी वेगळ्या थांब्यापासून सुरू करायची. पहिली एकपासून, दुसरी दोनपासून, सगळ्या एकाच दिशेने. क्रम असा चांगला बसतो: नारोशंकर, काळाराम, शनी चौक, कपालेश्वर, मग अहिल्यादेवी होळकर पुलावरून गावाच्या बाजूला सुंदरनारायण, सराफ बाजारात सरकारवाडा, आणि पूल ओलांडून परत नारोशंकर. परतीला रामसेतू पूल जवळचा पडतो, पण तो त्या दिवशी चालू आहे का हे आधी पाहा. नसेल तर गाडगे महाराज पूल. पाकिटं साखळीने जोडू नका. म्हणजे एका कोड्याच्या उत्तरात पुढची जागा लपवू नका, कारण एक कोडं अडलं की सगळा खेळ अडतो. प्रत्येक टोळीला तिच्या क्रमाने लावलेली सहा बंद पाकिटं आणि प्रत्येक पाकिटासोबत एक ‘तोड’, म्हणजे कोडं अडलं तरच उघडायच्या मदतीचं वेगळं बंद पाकीट द्या. तोड फोडली की पाच गुण कमी.

सर्वांची सुरुवात दुतोंड्या मारुतीसमोर काठावर करा. तो नदीपात्रात आहे, त्यामुळे जवळ जायचं नाही, काठावरूनच बघायचं. सूचना सांगायला ही चांगली जागा आहे, कारण शिडीची पहिली पायरी सगळ्यांना एकदमच दिसते.

नारोशंकर. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 साली बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकली, त्या विजयाची आठवण म्हणून ही मोठी घंटा इथे लागली. कोडं घंटेवरच करा, पण तिच्या वयावर नको. ‘ही घंटा कुणाकडे तोंड करून आहे, देवाकडे की नदीकडे?’ असं विचारा. उत्तरासाठी कोटाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडून बघावं लागतं. त्यानंतर कोटाच्या कोपऱ्यांवरच्या छत्र्या मोजायला लावा, आणि मोजून झाल्यावर पुराबद्दल विचारायला सांगा. या दोन गोष्टींचा संबंध कुणी ना कुणी समजावून सांगतंच.

काळाराम. इथे शर्यत थांबवा. पाकिटावर स्पष्ट लिहा: ‘या थांब्यावर वेळेचे गुण नाहीत, दहा मिनिटं थांबायचंच आहे.’ 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते आणि तो 1935 पर्यंत चालला. माणसं दारात उभी होती आणि दारं बंद होती. म्हणून इथलं काम दारांचंच ठेवा: देवळाच्या चारही दिशांची दारं चालत बघायची आणि कोटाचा नकाशा हाताने काढायचा. नकाशा काढला की बंद दार म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आत फोटो काढायचे नाहीत.

शनी चौक. या खेळातला माझा सगळ्यात आवडता थांबा, कारण इथे दिसण्यासारखं काहीच नाही. पाकिटात एवढंच लिहा: ‘ती वर्षातून एकाच दिवशी उघडते. बाकी दिवस लोक तिच्यावरून गाड्या नेतात. तिचं तोंड कुठे आहे?’ उत्तर आहे रहाड. रंगपंचमीला रंगाने भरायचा, जमिनीखालचा पेशवेकालीन दगडी हौद. एरवी लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेला. शनी चौकासारख्या रहाडी गावाच्या बाजूला तिवंधा चौकात आणि दिल्ली दरवाजापाशीही आहेत. रस्त्यावर टोळी अर्धा तास फिरली तरी तोंड सापडणार नाही. ओट्यावर बसलेल्या कुणाला विचारलं की माणूस उठून पायाने जागा दाखवतो, तिथला ठरलेला रंग कोणता ते सांगतो, आणि ‘धप्पा’ कसा मारतात तेही सांगतो. धप्पा म्हणजे रहाडीत घेतलेली उडी. रंग कोणता, हेच तुमचं उत्तर ठेवा. बोलल्याशिवाय ते मिळत नाही.

कपालेश्वर. शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही. कोडं सरळ ठेवा: ‘इथे कोण गैरहजर आहे आणि का?’ ब्रह्महत्येचं पातक घालवायला रामकुंडात स्नान कर हे शंकराला नंदीने सांगितलं, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि गुरूने समोर बसू नये म्हटलं, ही कथा पुजारी किंवा फुलवाले आनंदाने सांगतात. चढ बराच आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खाली रामकुंडाच्या बाजूला उत्तर घ्यायची सोय ठेवा.

रामकुंड हा थांबा करू नका, हे मुद्दाम सांगतो. तिथे लोक अस्थिविसर्जनाला आणि दशक्रिया विधीला आलेले असतात. कुणाच्या घरचा दहावा चालू असताना चार माणसं कागद घेऊन हसत धावली तर ते फार वाईट दिसतं. रामकुंडावरून जायचं ते शांतपणे, रांगेत, फोन खिशात ठेवून. ही ओळ पहिल्या पाकिटाच्या वरच छापा.

सुंदरनारायण. 1756 साली गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं. 21 मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याची किरणं थेट मूर्तीवर पडतात अशी त्याची रचना. कोडं: ‘हे देऊळ कुठल्या दिशेला बघतं, आणि त्या दिशेला आज काय आडवं आलंय?’ इथे डागडुजीचं काम चालू असू शकतं, त्यामुळे आत जाता येईल असं धरून चालू नका. बाहेरून सुटेल असंच कोडं ठेवा.

सरकारवाडा. पायऱ्या मोजायच्या आणि कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं ते समोरच्या दुकानदाराकडून काढायचं. सराफ बाजाराची दुकानं सकाळी बंद असतात, पण शटरबाहेर चहावाले आणि झाडलोट करणारे असतात. त्यांना दुकानदारांपेक्षा जास्त माहीत असतं.

वेळेचं गणित मांडतो. प्रत्येक थांब्यावर 15 मिनिटं, दोन थांब्यांमधलं चालणं सरासरी 7 मिनिटं. सहा थांब्यांना 132 मिनिटं. सुरुवातीच्या जागेपासून पहिल्या थांब्यापर्यंत काही टोळ्यांना 10 ते 15 मिनिटं जास्त लागतात. म्हणून अडीच तास धरा. सकाळी 7:30 ला जमायचं, 7:50 ला सुटायचं, 10:20 ला परत. मग चहा आणि शिडी लावणं, 10:50 पर्यंत. 11 वाजता भांडी बाजार, आणि पावणेबारानंतर मिसळ. सकाळी लवकर सुटायचं कारण ऊन नव्हे, गर्दी. साडेदहानंतर दहीपूल आणि मेनरोडवर चौघं एकत्र चालूच शकत नाहीत. तुम्ही आधी चाचणी चालाल तेव्हा स्वतःला लागलेल्या वेळेला दीडने गुणा. तुम्हाला वाट माहीत आहे, त्यांना नाही.

भांडी बाजार मी मुद्दाम शेवटी आणि सगळ्यांसाठी एकत्र ठेवला. फेरीत घेतला असता तर पहिली टोळी आठ वाजता बंद शटरसमोर उभी राहिली असती. शिवाय दुकान उघडल्या उघडल्या भवानी व्हायच्या आत सहा टोळ्या प्रश्न विचारत आल्या तर दुकानदाराचं डोकं फिरतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आधी दोन दिवस जाऊन एका तांबटाशी बोला, वेळ ठरवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या. रविवारी दुकान उघडं असतं का हेही तेव्हाच विचारा. नसेल तर सगळा खेळ शनिवारी घ्या.

तिथलं काम असं. तांब्याचे दोन तांबे शेजारी ठेवायचे, एक हाताने मठारलेला आणि एक यंत्रावर ठोक्यांची नक्षी उठवलेला. टोळीने हातचा कुठला ते सांगायचं आणि कशावरून तेही सांगायचं. हातच्या तांब्यावर ठोके ओळीने फिरतात, पण दोन ठोके हुबेहूब सारखे नसतात. एखादा खोल, एखादा शेजारच्यावर अर्धा चढलेला. पोट जिथे गळ्याकडे वळतं तिथे ठोके लहान आणि दाट होतात, कारण तिथे पत्रा आत घ्यावा लागतो. यंत्राच्या तांब्यावर तीच नक्षी गळ्यापर्यंत एकसारखी जाते. नखाने हलकं वाजवून आवाज ऐकायलाही सांगा. एवढं एकदा हातात धरून पाहिलं की माणूस पुढे आयुष्यभर भांडं उलटं करून बघतो.

गुण. बरोबर उत्तराला 10, स्थानिक माणसाकडून मिळालेल्या माहितीला 5, शिडीला 20, आणि वेळेला सगळं मिळून जास्तीत जास्त 10. वेळेचे गुण याहून वाढवलेत तर लोक पळतील, आणि घाटाच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर पळणं म्हणजे पाय मोडून घेणं. 10:20 नंतर येणाऱ्याला दर पाच मिनिटांना 3 गुण दंड. पळताना दिसलेल्या टोळीला सरळ 10 चा दंड, आणि तो सुरुवातीलाच जाहीर करा.

सामान फार लागत नाही. सहा टोळ्यांना सहा कोड्यांची आणि सहा तोडींची मिळून 72 पाकिटं, जाड कागद, मोठ्या अक्षरातली छपाई, लिहायची पाटी, पेनऐवजी पेन्सिल. माणशी एक लिटर पाणी. सुटसुटीत चपला, कारण देवळात त्या काढाव्या लागतात आणि बुटांच्या नाड्यांत प्रत्येक ठिकाणी तीन-चार मिनिटं जातात. टोळीत एकच फोन चालू, तोही अडचणीसाठी. ज्यांना चढ-उतार झेपत नाही त्यांना खेळाबाहेर बसवू नका, ठाण्यावर बसवा. एक जण सुरुवातीच्या जागी, एक कपालेश्वराच्या खाली, एक सराफ बाजारात. हे तिघं मूळ 24 पैकीच असतील तर तीन टोळ्या तिघांच्या होतील, त्याला हरकत नाही, पण दमदार माणसं त्या टोळ्यांत ठेवा. गाड्या आत आणू नका. रिक्षाने रविवार कारंजा किंवा पंचवटी कारंजापर्यंत या. काळारामच्या देवस्थान कार्यालयात एक दिवस आधी सांगून ठेवा की गट येणार आहे, माईक नाही, बॅनर नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. जून ते सप्टेंबर हा खेळ घाटावर आखू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तासाभरात घाट बंद होतो, आणि पुराचा खेळ पुरात खेळण्यात काही अर्थ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. बुधवारी गंगाघाटावर आठवडे बाजार असतो, त्या दिवशी वाट बदलते. पितृपक्ष, अमावास्या, एकादशी टाळा. 2027 च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे आज मोकळा असलेला रस्ता पुढच्या आठवड्यात खणलेला असू शकतो. काझीच्या गढीवर टोळ्या पाठवू नका. तिथे 1950-51 मध्ये उत्खनन झालं आणि नाशकातल्या फार जुन्या वस्तीचे थर मिळाले, त्यामुळे मोह होतो. पण कडा ढासळती आहे आणि लोकांची घरं अगदी काठाशी आहेत. लांबून दाखवा, तेवढं पुरे.

तीन आठवडे असे वापरा. पहिल्या आठवड्यात दोनदा नुसतं चाला आणि पुराच्या गोष्टी गोळा करा, कोडी लिहू नका. दुसऱ्यात कोडी लिहा आणि नाशिकबाहेरच्या दोन मित्रांना मोबाईल वापरून घरबसल्या सोडवायला द्या. जे कोडं त्यांनी सोडवलं ते फेकून द्या, दुसरं करा. तिसऱ्यात टीममध्ये नसलेल्या चौघांना खऱ्या वाटेवर सोडा आणि तुम्ही मागून पन्नास पावलांवर चाला. ते जिथे थांबून मागे वळून बघतील ती पाकिटं बदला. खेळाच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा चालून मोजण्याचे सगळे आकडे तपासा, पायऱ्या, छत्र्या, दारं, कारण काम चालू असलेल्या जागी मोजणी बदललेली असू शकते.

बक्षीस शेवटी भांडी बाजारातच द्या. ज्या तांबटाने तो तांबा मठारला त्याच्याच हातून, त्याच्याच दुकानात.